दुर्बिणीच्या आदल्या रात्री

आमच्या अण्णांची कोलोनोस्कोपी झालीच नाही. दुर्बीण आत जाण्याआधीच ते अतिदक्षता विभागात पोचले होते.

वय ८३. रक्त पडणं नाही, वजन घटणं नाही, भूक उत्तम. ज्येष्ठांसाठीच्या एका तपासणी योजनेत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होती, म्हणून तारीख मिळाली. तयारीचा कागद काउंटरवर हातात पडला. आदल्या संध्याकाळपासून पोट साफ करण्याची पावडर पाण्यात मिसळून प्यायची होती. ते खारट पाणी घशाखाली उतरेना, म्हणून अण्णा वर तांब्या-तांब्या साधं पाणी पीत राहिले. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी त्यांना रोज होती. कागदावर तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यामुळे तीही नेहमीसारखी घेतली गेली. मध्यरात्र उलटल्यावर ते भलतंच बोलू लागले. मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि संडासच्या दारात कोसळले. कपाळाला टाके पडले, आणि रक्तातलं सोडियम निघालं ११६. ते १३५ च्या खाली जायला नको असतं.

डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. जुलाबातून क्षार गेले, गोळीने आणखी गेले आणि साध्या पाण्याने उरलेलं सोडियम पातळ झालं. तरुणाचं मूत्रपिंड यातून सावरतं, ८३ व्या वर्षी त्याची तेवढी ताकद उरलेली नसते. या तपासणीत आतड्याला भोक पडणं, रक्तस्राव होणं, भुलीत श्वास मंदावणं हे धोके असतात आणि वयाबरोबर ते वाढतात, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. तयारीच्या रात्रीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाचा कस त्याच रात्री लागतो.

म्हणून तारीख घेण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: ही तपासणी कशासाठी? काहीही त्रास नसताना केवळ चाळणी म्हणून करायची असेल, तर वयाचा हिशेब मांडावाच लागतो. आतड्यातल्या पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या छोट्या मांसल गाठीचा, कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. आज पॉलिप काढल्याचा फायदा तेवढ्या उशिराने मिळतो, धोका मात्र त्याच आठवड्यात असतो. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये ४५ ते ७५ या वयात चाळणी करावी असं सांगितलं. ७६ ते ८५ मध्ये माणसाची प्रकृती आणि आधीच्या तपासण्या पाहून ठरवावं, आणि ८५ नंतर करू नये. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ५५ ते ६४ वयाच्या लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीला बोलावलेल्यांत दहा वर्षांत हजारी सुमारे १० जणांना हा कॅन्सर झाला, न बोलावलेल्यांत १२ जणांना. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक प्रत्यक्ष आले होते, त्यामुळे खरा फायदा याहून जास्त असणार. तरीही ती धडधाकट, साठीच्या आसपासची माणसं होती. आपल्या घरातल्या ८३ वर्षांच्या माणसाला तोच हिशेब कसा लावायचा?

पण त्रास असेल तर सगळंच बदलतं, आणि हे मला तितक्याच कळकळीने सांगायचं आहे. माझ्या आत्याला ७८ व्या वर्षी थकवा येऊ लागला, हिमोग्लोबिन उतरत गेलं. शौचातून रक्त दिसलं तेव्हा घरात सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकली आणि ताक-सुरणावर काही महिने गेले. शेवटी कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला गाठ सापडली. तिला तयारीसाठी आदल्या दिवशीच दवाखान्यात दाखल केलं होतं, आधी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासलं, रात्रभर परिचारिका जवळ होती. सगळं सुखरूप पार पडलं. शस्त्रक्रिया झाली, आत्या आज आमच्यात आहे. रक्त, उतरणारं हिमोग्लोबिन, घटणारं वजन किंवा शौचाची बदललेली सवय दिसली तर वयाकडे बोट दाखवून थांबू नका.

तयारी करायचीच असेल तर पावडर कोणती आहे ते विचारा. वृद्धांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलची बरी. सोडियम फॉस्फेटच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अर्धी मात्रा आदल्या संध्याकाळी आणि अर्धी पहाटे घेता येते का, हेही विचारा. पोट जास्त चांगलं साफ होतं आणि सोसायलाही सोपं जातं. नुसत्या साध्या पाण्यावर राहू नये, ओआरएस, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी चालेल का ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी तसंच चालू ठेवलं तर साखर कोसळते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या सहसा तीन दिवस आधीच थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. रात्री घरातलं कुणीतरी जागं राहावं, दिवा चालू ठेवावा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची असावी. बोलण्यात असंबद्धपणा आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

अण्णा बरे होऊन घरी आले, पण एकट्याने फिरायला जाणं तेव्हापासून सुटलं. तुमच्या घरात अशी तारीख ठरलेली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्यांच्या डब्यातलं एकेक नाव त्यांना वाचून दाखवा.