शैलीपत्रकातील उचंत खाते

तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्याला टाकायची आणि चूक शोधायची, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. शोध न घेता ते खाते तसेच ठेवले, तर बेरजा जुळतात. चूक मात्र वहीत राहते. संकेतस्थळाचे शैलीपत्रक, म्हणजे स्टाइलशीट, लिहिताना मी नेमके हेच केले.

आमच्या वाणिज्य मंडळासाठी मी मराठी व कन्नड सूचनांचे पान तयार केले. मथळ्याच्या चौकटीची उंची ४० पिक्सेल ठरवली व बाहेर जाणारा मजकूर झाकला. मराठी मथळे नीट बसले. कन्नड विभागातील मित्र मात्र म्हणाला, "अरे, आमच्या अक्षरांचे पाय कापलास की!" कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली लिहितात, त्याला 'ओत्तक्षर' म्हणतात. ते झाकले तर 'अक्क', म्हणजे थोरली बहीण, नुसते 'अक' उरते. बेळगावात अशा चुकीला कोणी निव्वळ तांत्रिक म्हणत नाही. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

घाईघाईने मी कन्नड मथळ्यांना जास्त उंची दिली व तिच्यापुढे 'इम्पॉर्टंट' लिहिले. तो नियम मोबाइलसाठी लिहिलेल्या नियमावरही मात करू लागला. मग तिथेही 'इम्पॉर्टंट'! हेच माझे उचंत खाते.

होकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली मांडलेल्या या पद्धतीत एकाच घटकाला अनेक नियम लागू होतात व कोणाचे चालायचे हे वजनावर ठरते. आयडीचे वजन क्लासहून जास्त, क्लासचे टॅगहून जास्त. वजन सारखे असल्यास नंतर लिहिलेला नियम चालतो. 'इम्पॉर्टंट' हा सारा क्रम ओलांडतो. म्हणून शक्यतो एकाच क्लासने नियम लिहावेत; वजने समान राहतात.

दुसरी गोष्ट नावाची. मी क्लासला 'निळा-मथळा' म्हटले; पुढे रंग लाल झाला, नाव निळेच राहिले. नाव दिसण्यावरून नव्हे, कामावरून द्यावे. रशियातील यांडेक्स कंपनीत तयार झालेली 'बेम' पद्धत हेच शिकवते: आधी विभाग, मग त्याचा भाग, मग त्याचा प्रकार. उदाहरणार्थ 'सूचना', 'सूचना__मथळा', 'सूचना--तातडीची'. क्लासची नावे देवनागरीतही चालतात.

तिसरी गोष्ट जागेची. रंग, अंतरे ही मूल्ये आरंभी एकदाच चल म्हणून नोंदवावीत. त्यानंतर सर्वसाधारण नियम, मग विभागांचे, शेवटी अपवाद. २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत 'लेयर' ही सोय आहे. तिने हा क्रम पहिल्याच ओळीत जाहीर करता येतो.

अखेर मी चूक शोधली. ती कन्नडची नव्हतीच; मी ठरवलेल्या उंचीची होती. उंची काढून टाकली, मजकूर झाकणे बंद केले आणि 'लँग' निवडकाने मराठीला १.६ व कन्नडला १.८ अशी ओळींची उंची दिली. सारे 'इम्पॉर्टंट' खोडले.

मित्राने पुन्हा पान पाहिले, मथळे मोठ्याने वाचले आणि चहा मात्र माझ्याकडूनच घेतला.