जहाज मोठं दिसायला हवं ना?

अगं, रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला यायचं मनावर घेतलंस ते बरं केलंस. कारंजातल्या वराती आणि मिरवणुका ड्रोनने वरून टिपून झाल्या, आता समुद्रकाठचं भलंमोठं जहाज हवं म्हणतेस. ये खुशाल. पण मी आता रत्नागिरीकर झाले ना, म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालते. ताई भाषण देते म्हणू नकोस.

‘बसरा स्टार’ 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. माणसं सुखरूप उतरली, जहाज मात्र रुतून बसलं ते बसलंच. वर्षानुवर्षं लाटांचा मार खात गंजलं, मोडत गेलं. त्यामुळे निघण्याआधी त्यातलं किती उरलंय ते विचारून घे. त्याचे ड्रोनचे व्हिडिओ ढिगाने निघालेत आणि बहुतेकांची तीच चूक आहे. ड्रोन उंच चढवायचा, जहाजाभोवती एक गिरकी मारायची, वर गाणं लावायचं. त्या उंचीवरून अख्खं जहाज काडेपेटीएवढं दिसतं. मग एवढ्या लांब कशाला यायचं?

बाई, मोठेपणा शेजारच्या लहान वस्तूवरून कळतो. ड्रोन खाली ठेव. चौकटीत आधी बंधाऱ्यावरून चालणारा माणूस येऊ दे, मागून हळूहळू जहाजाची भिंत वर येऊ दे. याचा सराव तिकडे कारंजातच होईल. ओळखीच्या कोणाच्या मोकळ्या वावरात कापसाचा ट्रक उभा असला, तर शेजारी माणूस उभा कर आणि ट्रकभोवती संथ फेरी मारून बघ. वेग एकसारखा राहीपर्यंत पुन्हा पुन्हा मार. सोहोळच्या काळवीट अभयारण्याकडे मात्र ड्रोन घेऊन फिरकू नकोस.

आता वेळेचं. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून येऊन थेट जहाजावर पडतं. गंजाचे पापुद्रे आणि पुसट अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. संध्याकाळी जहाजाची नुसती काळी आकृती उरते. एखादा शॉट तसाही घे, पण सगळे तसेच नकोत. शिवाय ओहोटी हवी, म्हणजे जहाजाचं पोट उघडं पडतं. इकडचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ गाठ, साडेसात-आठला ऊनही मिळेल आणि ओहोटीही. वेळ थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा भरतीचं कोष्टकही बघ. पावसाळ्यात तर येऊच नकोस.

वारा तुमच्याकडच्यासारखा समजू नकोस. पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ड्रोन जाताना भुर्रकन जातो आणि परतताना वाऱ्याशी झुंजत बॅटरी संपवतो. निम्मी बॅटरी उरली की माघारी वळव. पाण्याला चिकटून उडवू नकोस, हलत्या पाण्यावर ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर गोंधळतात. जहाज म्हणजे लोखंडाचा डोंगर, कंपासचं कॅलिब्रेशन त्याच्यापासून लांब उभं राहून कर. आणि होडीतून उडवलास तर लक्षात ठेव, ‘रिटर्न टू होम’ दाबल्यावर तो होडी आधी होती तिथल्या पाण्यावर उतरेल. घरी आल्यावर ओलसर कापडाने पुसून कोरडा कर, खारी हवा मोटरला खाते.

कागदपत्रांचा कंटाळा करू नकोस. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण तू लग्नाच्या चित्रीकरणाचे पैसे घेतेस, तेव्हा ड्रोन 250 ग्रॅमच्या वर असेल तर ते लागतंच. 250 ग्रॅमच्या आतल्याला प्रमाणपत्राची सूट आहे, समुद्राच्या वाऱ्याची नाही. आणि रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी आहे. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक 200 फुटांपर्यंतच, त्याहून जवळ परवानगीशिवाय पंखा फिरवायचा नाही. ‘डिजिटल स्काय’चा नकाशा आधी बघ, मग इथल्या पोलिसांना विचार. परवानगी नाही मिळाली तर रत्नदुर्ग किल्ल्याकडून लांबची लेन्स लावून घे, तेही चित्र काही कमी नाही. जयगडला मालवाहू जहाजं लागतात म्हणून तिकडे ड्रोन काढशील, तर ते चालतं बंदर आहे, अंगाशी येईल.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगते. आपल्याला जे दृश्य, ते मिऱ्याच्या लोकांच्या दाराशी येऊन पडलेलं संकट होतं. वादळात आपलं घर सांभाळत असताना त्यांनी ते जहाज येताना पाहिलंय. त्यांच्या अंगणावरून ड्रोन नेण्याआधी हाक मार, दोन शब्द बोल. एखाद्या आजीने सांगितलेली त्या दिवशीची हकिकत तुझ्या चित्रीकरणाखाली लावलीस, तर गाण्याची गरजच पडणार नाही.

चल, पंचांग बघून द्वितीया कळव. उतरायला आमच्याकडेच यायचं, लॉजचं नाव काढू नकोस.