‘सोसत नाही’ म्हणजेच ॲलर्जी

गेल्या वर्षी सोनोग्राफीत आजोबांच्या पोटातली महाधमनी फुगलेली दिसली. याला धमनीविस्फार म्हणतात. एरवी ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की फुटण्याचा धोका बराच वाढतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करतात.

पूर्वी पोट उघडूनच धमनीला कृत्रिम नळी शिवत. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून आत जाऊन फुगवट्यात कापडी नळीचं अस्तर बसवलं. या पद्धतीला ‘एव्हार’ म्हणतात. ही नळी धरून ठेवणारा जाळीदार सांगाडा, म्हणजे स्टेंट, धातूचा असतो, बहुधा निटिनॉलचा. हे नावही पाहा: निकेलचा ‘नि’, टायटॅनियमचा ‘टि’ आणि ‘नॉल’ म्हणजे अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची आद्याक्षरं. त्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल!

हॉस्पिटलचा इंग्रजी फॉर्म मीच भरला. ‘ॲलर्जी’च्या रकान्यापाशी मी विचारलं, “आजोबा, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?” ते म्हणाले, “नाही गो.” मी ‘नाही’ लिहिलं. रात्री आजी सहज म्हणाली, “ह्यांना घड्याळ सोसत नाही. बक्कल लागतं तिथं पुरळ उठतं.” माझ्या पोटात गोळाच आला. माझं भाषांतर चुकलं होतं.

सकाळी डॉक्टरांना सांगितलं. पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, मग पुन्हा पाहिलं. निकेलच्या जागी लाल चट्टा होता.

डॉक्टरांनी नीट समजावलं. त्वचेला निकेल सोसत नाही म्हणून रक्तवाहिनीलाही सोसणार नाही, असं नसतं. निटिनॉलवरचा टायटॅनियम ऑक्साइडचा थर निकेल फारसं बाहेर पडू देत नाही. पण काही रुग्णांना नंतर अंगभर खाज-पुरळ आल्याच्या नोंदी आहेत, आणि एकदा बसवलेला स्टेंट काढणं अवघड. म्हणून दोन्ही धोके आधीच तोलायचे. आजोबांची फुप्फुसं अधू, त्यामुळे पोट उघडणंच जास्त धोक्याचं होतं. एव्हारच केलं, पण डोळे उघडे ठेवून. आज ते बरे आहेत. स्कॅन मात्र चालू राहणार.

मित्रांनो, घरच्यांचा फॉर्म बहुधा आपणच भरतो. तेव्हा नुसतं ‘ॲलर्जी आहे का?’ विचारू नका. विचारा, “खोटे दागिने, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सोसतं ना?”