रात्रीचे पाणी आणि थंडीपासून देहाचे रक्षण

रब्बीच्या गव्हास व हरभऱ्यास पाणी देण्याचे काम ऐन मार्गशीर्ष-पौषाच्या कडाक्यात येते. कृषिपंपांस दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रात सन २०१७ मध्ये सौर कृषिवाहिनीची योजना सुरू झाली. तथापि जेथे वीज पाळीने रात्रीचीच मिळते, तेथे मध्यरात्री दारे धरण्यावाचून गत्यंतर नसते. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंश सेल्सियसच्या खाली उतरल्याचे अनेक वर्षी नोंदले गेले आहे. अशी थंडी गव्हास मानवते. पाटाच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसास मात्र ती बाधते.

येथे खरा शत्रू नुसती थंडी नसून ओल होय. स्थिर हवेच्या मानाने पाणी देहातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. त्यावर वारा सुटला म्हणजे अंगाभोवतीची ऊबदार हवाही टिकत नाही. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास तर थंडी सर्वांत तीव्र असते, आणि जड गार हवा ओढ्याकाठच्या सखल रानात साचते. यास्तव शक्य असेल तेथे सखल वाफे रात्रीच्या आरंभीच भिजवून घ्यावेत.

वस्त्रांचा क्रम असा ठेवावा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवेचे थर कोंडले जातात. सुती कापड घामाने अगर पाण्याने भिजले म्हणजे गार पडते व लवकर वाळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ऊब सोडत नाही. म्हणून सुती बंडीवर लोकरी स्वेटर व त्यावर वारा अडविणारे जाड वस्त्र घालावे. सनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणलेली घोंगडी आजही या कामी उत्तम होय. चिंचोक्याच्या खळीने तिचे सूत ताठ होते, आणि खोळ करून घेतली असता डोके, कान व पाठ एकदमच झाकतात. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट व आत लोकरी मोजे असावेत. गमबुटात पाणी शिरल्यास ते तसेच वागवू नयेत. कोरड्या कपड्यांचा एक जोड व मोजे बांधावरील खोपीत अवश्य ठेवावेत.

दोन समजुती घातक आहेत. मद्याने ऊब येते हा पहिला भ्रम. मद्याने कातडीजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे क्षणभर ऊब भासते, परंतु देहातील उष्णता बाहेर पडते. दार लावून खोपीत कोळशाची शेगडी पेटविणे ही दुसरी चूक. तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व निजलेला माणूस निजल्या जागीच दगावतो. शेकोटी उघड्यावरच करावी.

हुडहुडी भरणे ही पहिली सूचना होय. त्यापुढे बोटे काम देईनाशी होतात, बोलणे अडखळते, माणूस असंबद्ध वागतो. पुढे हुडहुडीच थांबली तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. देहाचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याचे हे चिन्ह असते. अशा वेळी ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा, हातपाय चोळू नयेत, बधिर अवयव विस्तवावर धरू नयेत, आणि त्वरित दवाखाना गाठावा.

रात्री पाण्यावर पुष्कळदा मालक नसून सालगडी असतो. त्यास वेतनाबरोबर घोंगडी व वहाणा देण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी अनेक गावी पाळली. आज तीत गमबुटांची व कोरड्या जोडाची भर घालणे हे मालकाचे कर्तव्यच होय. एकट्यास रानात धाडू नये, आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. पाण्याची एक पाळी चुकली तर पीक थोडे उणे येईल. माणूस गेला तर ती तूट कोणत्याही सुगीने भरून येत नाही.