मुलं आवडतात, पण किती वाजताची?

बालवाडीच्या शिक्षिकांच्या मुलाखती घ्यायला बसलं की जवळजवळ प्रत्येक मुलगी एक वाक्य बोलतेच, "मला लहान मुलं खूप आवडतात." मी विचारते, "किती वाजताची?"

समोरची गोंधळते. मी थट्टा करत नसते. सकाळी नऊला पावडर लावून, भांग पाडून, छातीवर रुमाल टाचून आलेलं मूल कुणालाही आवडतं. साडेअकराला त्याच मुलाचं नाक वाहत असतं, डोळ्यांवर झापड आलेली असते, डब्यातली निम्मी पोळी फरशीवर असते, चड्डी ओली असते आणि शेजारच्याच्या दंडावर त्याने नुकतेच दात उमटवलेले असतात. नोकरी साडेअकराच्या मुलाची असते. नऊचं मूल हा वरचा बोनस.

बारावीचा निकाल लागला की आईवडील मुलींना घेऊन येतात. अलीकडे क्वचित एखादा मुलगाही येतो, आणि त्याच्या घरचे जरा चोरट्यासारखे बसतात. वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, त्यात शिकवायचं काय असतं? ए बी सी डी तर आम्ही घरीही शिकवतो." आईला वेगळीच चिंता, "यात पुढे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी वडिलांचा घेऊ.

जून महिना डोळ्यांपुढे आणा. दाराशी रडारड चाललेली आहे. तीन वर्षांचं पोर आईच्या ओढणीला लोंबकळतंय. "आई बाहेरच उभी आहे हं," असं सांगून वेळ मारून नेणं सोपं असतं, आणि नवीन बाई हमखास ते करतात. मूल खिडकीशी जातं, आई दिसत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस बाईंच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. म्हणून खरं सांगायचं, पण त्याला कळेल अशा मापात. घड्याळ त्याला कळत नाही, क्रम कळतो. "आता गाणं म्हणू, मग डबा खाऊ, मग घसरगुंडी, आणि मग आई येईल." रोज तसंच घडलं पाहिजे, त्याच क्रमाने. आईलाही सांगायचं की नजर चुकवून सटकू नका, निरोप घेऊन जा, तो रडला तरी चालेल. ही पहिली जबाबदारी, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमाच्या तासात मावत नाही.

दारात मुलाला आत घेताना अनुभवी बाई त्याचा हात हातात घेतात. प्रेमाने घेतातच, पण अंग कोमट लागतंय का, हेही त्या स्पर्शात कळतं. डोळे लाल आहेत का, काल नसलेला ओरखडा आज आहे का, रोज धावत येणारी आज भिंतीला धरून का येतेय, हे सगळं अर्ध्या मिनिटात टिपायचं. मग मुलं कोपऱ्यांत विखुरतात. कुणी भातुकलीत, कुणी ठोकळ्यांत, कुणी मणी ओवायला. त्या वेळी वर्गात डोकावणाऱ्याला वाटतं, बाई नुसत्याच बसल्यात. त्या बघत असतात. मणी उचलताना अंगठा आणि तर्जनीची चिमटी होते की सगळी मूठ लागते? ठोकळे रचताना एकटाच बोलतो की दुसऱ्याला सांगतो? गोष्ट ऐकताना मान एकाच बाजूला का कलते?

हे बघणं मला सुरुवातीला येत नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या मोठ्या गटात एक मुलगा होता. हाक मारली की लक्ष द्यायचा नाही, गाण्यात ओळी चुकवायचा, मध्येच उठून जायचा. मी नोंदवहीत लिहिलं, "हट्टी. दुर्लक्ष करतो." तीन महिने त्याच्याशी हट्टी मुलाशी वागावं तसंच वागले. मग एक दिवस वर्गातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही समोर असलात की तो ऐकतो. पाठीमागनं बोललं की नाही ऐकत." कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. उपचार झाले आणि गाणी सुधारली. माझ्या नोंदवहीतला तो शब्द मात्र माझ्याच अक्षरात राहिला. शिकले होते मी, प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, आणि बघितलं मावशींनी.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. मुलाबद्दल लिहायचं तर त्याने काय केलं ते लिहायचं, तो कसा आहे ते लिहायचं नाही. पालकांशी बोलतानाही तेच. "तुमचा मुलगा मागे पडतोय," असं फाटकाशी उभं राहून सांगण्याचा अधिकार बाईंना नाही, आणि आजार ठरवणं हे त्यांचं काम नाही. "पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, चारदा पाहिलं, एकदा कान तपासून घेता का?" इतकं शांतपणे, एकांतात सांगणं हे त्यांचं काम. पालकांना खरं तर दोनच गोष्टी ऐकायच्या असतात, डबा संपवला का आणि रडला का. त्यांची उत्तरं आधी द्या. पुढचं मग ऐकलं जातं.

आता वहीचा विषय, कारण सगळे खटके तिथेच उडतात. पालकांना लहान गटातच वही भरलेली हवी असते. फी दिल्याचा पुरावा म्हणून असेल. पण तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडंही अजून पुरती तयार झालेली नसतात. त्या हाताला कणीक मळू द्यावी, कागद फाडू द्यावा, चिमट्याने शेंगदाणे एका वाटीतून दुसरीत टाकू द्यावेत, ओल्या वाळूत रेघोट्या ओढू द्याव्यात. पेन्सिल धरायची तयारी यातूनच होते. हे पालकांना पटवणं शिक्षिकेच्या कर्तव्यात येतं. एक कडू गोष्टही सांगून ठेवते. कित्येक खाजगी शाळांत संचालकांनाच वही हवी असते आणि नव्या शिक्षिकेचं तिथे काही चालत नाही. ज्या शाळेत अर्ज करणार, तिथल्या लहान गटाच्या वह्या आधी बघून या. शाळेची जाहिरात सांगणार नाही ते वही सांगते.

वर्गात मुलं किती, हेही मुलाखतीत तुम्ही विचारायचं. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं आहे. चाळीस मुलं आणि एक बाई असेल तर निरीक्षण वगैरे विसरा. तिथे फक्त मोजणी होते, सगळी आहेत ना, इतकीच.

सुरक्षिततेबद्दल मी जरा कठोर बोलते. शौचालयात मुलासोबत कोण जाणार, दार किती उघडं राहणार, हे ठरलेलं असावं. शाळा सुटताना "मी काका, न्यायला आलोय" एवढ्यावर मूल सोडायचं नाही. आईने कळवलेलं हवं, ओळख पटलेली हवी, काका कितीही रागावले तरी. आणि मुलाच्या बोलण्यातून, वागण्यातून, अंगावरच्या खुणेतून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं म्हणजे आपण सुटलो, असं होत नाही. शाळेने आधी आपसांत चौकशी करून मग ठरवावं, असंही नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक बाईंना पाठ हवा. १८ वर्षांच्या मुलीला करिअर सांगताना हे कशाला, असं पालकांना वाटतं. नेमणूक झाल्या दिवसापासून तिच्यावर ही जबाबदारी येते, म्हणून आजच सांगायचं.

या कामाला आपल्याकडे मोठा वारसा आहे, हे मात्र पालकांना फारसं ठाऊक नसतं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. शहरातल्या बालमंदिरांवर समाधान न मानता त्या १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडीची कल्पना आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. माँटेसरीची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, झाडाखाली मिळेल त्यातून मोजणं, वर्गवारी, लहान-मोठं शिकवलं गेलं. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे तिथे शिक्षणातच धरलेलं होतं. "पदवी घेऊन मुलीने शेंबूड पुसायचा का?" असं विचारणाऱ्या वडिलांना मी सांगते, ताराबाई बी. ए. होत्या, आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता आईचा प्रश्न, पुढे काय?

बारावीनंतरचे रस्ते बरेच आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेची पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, तिला बारावीत किमान ५० टक्के गुण लागतात. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका आहे. घरची परिस्थिती तीन वर्षं देऊ शकत असेल, तर गृहविज्ञानातली मानवी विकास या विषयाची पदवी मी पहिली सुचवते, कारण तिच्या आधारावर पुढे विशेष शिक्षण, समुपदेशन, संशोधन यांकडेही वळता येतं. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक प्रशिक्षणात आता पायाभूत स्तराची शाखाही आहे. माँटेसरीचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली आहेत. नावाला भुलू नका. प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस, निरीक्षणाच्या नोंदी किती आणि त्या तपासणार कोण, हे तीन प्रश्न विचारा. शनिवार-रविवारच्या सहा वर्गांत मिळणारी रंगीत प्रमाणपत्रं भिंतीवर शोभतात. "बी. एड. करून ठेवते, सगळीकडे चालेल," हा आणखी एक गैरसमज. पहिली ते पाचवीसाठीसुद्धा बी. एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे.

अंगणवाडी सेविका होण्यासाठी बारावी उत्तीर्ण आणि त्याच गावातली वा भागातली रहिवासी असणं लागतं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतलं हे पद आहे. बडबडगीतं तर आहेतच, शिवाय वजन-उंची घ्यायची, पोषण आहार, लसीकरणाची आठवण, गरोदर मातांच्या भेटी, आणि हे सगळं मोबाइलवर भरायचं. मिळतं ते मानधन, त्याला पगार म्हणत नाहीत. सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते, हेसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

खाजगीत? छोट्या बालवाडीत सुरुवातीच्या पगारावर शहरात एकटीने घरभाडं भागत नाही, हे मी लपवत नाही. मोठ्या शाळांत बरं मिळतं. काही ठिकाणी सुट्टीतल्या महिन्यांचा पगार कापतात, तेव्हा नेमणूकपत्र लेखी घ्या आणि त्यात महिने मोजा. हे असं का, याचं एक कारण कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाचा हक्क सहाव्या वर्षापासून धरला. त्याआधीच्या वर्गांना कोण शिकवतं याची सक्तीने विचारपूस कुणी केली नाही, म्हणून शिरणं सोपं आणि मोल कमी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडाही आला. प्रशिक्षित माणसांची मागणी त्यामुळे वाढेल, असं मला वाटतं. पगारही त्याच वेगाने वाढेल, असं मी कुणाच्या आईला सांगणार नाही. पाच-सात वर्षांनी वर्ग सोडून समन्वयक, प्रशिक्षक, साधननिर्मिती किंवा स्वतःचं केंद्र असे फाटे फुटतात. ज्यांनी आधीची वर्षं मन लावून बघण्यात घालवली, त्यांनाच ते लाभलेले मी पाहिलेत.

फॉर्म भरण्याआधी मी प्रत्येकीला एक काम देते. शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात, परवानगी काढून, एखाद्या बालवाडीत तीन दिवस जाऊन बसायचं. एकच मूल निवडायचं आणि दोन तास ते काय करतं ते लिहायचं.

गेल्या वर्षी एक मुलगी पहिल्या दिवसाचं पान घेऊन आली. सुरुवातच होती, "हा मुलगा फार हट्टी आहे." मी तो शब्द खोडला आणि विचारलं, "म्हणजे केलं काय त्याने?" तिला आठवेना. दुसऱ्या दिवशीही साधारण तसंच. तिसऱ्या दिवशीच्या पानावर होतं, "बूट स्वतः घालायचे होते. उजवा डाव्या पायात गेला. काढला. पुन्हा तोच गेला. बाईंनी हात लावला तेव्हा रडला. बाई बाजूला झाल्यावर गप्प झाला. तिसऱ्यांदा बरोबर गेला. कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी बघितलं होतं."

तिच्या वडिलांना मी फॉर्मची शेवटची तारीख सांगितली.