ई-मेलचा वाढता साठा आणि अवधानाचे अर्थशास्त्र

कागदी फायलींच्या काळात प्रलंबित कामाचा ढीग टेबलावर दिसत असे. कार्यालयात येणाऱ्या नागरिकाला आणि तपासणीस येणाऱ्या वरिष्ठांना तो लपविता येत नसे. ई-मेलच्या बाबतीत हा दृश्य पुरावा नाहीसा झाला आहे. इनबॉक्समध्ये दहा पत्रे असोत वा दहा हजार, टेबल स्वच्छच दिसते. मात्र त्या दहा हजारांत एखाद्या निवृत्तिवेतनधारकाची तक्रार, एखाद्या लघुउद्योजकाचे देयक किंवा एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज अनुत्तरित राहिलेला असू शकतो. त्यामुळे ई-मेलचे व्यवस्थापन ही केवळ वैयक्तिक टापटिपीची बाब राहत नाही. ती प्रशासकीय कार्यक्षमता आणि उत्तरदायित्व यांच्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय, प्रशासकीय आणि कायदेशीर अंगांनी विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१९७१ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या संगणक जाळ्यावर रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविण्याची पद्धत विकसित केली. अनाहूत संदेशांचा त्रास त्यानंतर लवकरच सुरू झाला. १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्री विभागाने त्याच जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

साठ्याच्या दृष्टीने २००४ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. तोपर्यंत मोफत ई-मेल सेवा अवघ्या काही मेगाबाइट जागा देत असत. पेटी भरली की जुनी पत्रे पुसणे भाग पडे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गिगाबाइट जागा देऊ केली आणि इतर सेवांनाही तोच मार्ग धरावा लागला. साठवणुकीची किंमत वापरकर्त्यासाठी जवळजवळ शून्यावर आली. पत्र ठेवण्यास काहीच लागत नाही, परंतु ते ठेवावे की काढावे हे ठरविण्यास वेळ आणि विचार लागतो. सापेक्ष किमती बदलल्या की वर्तन बदलते, या नियमानुसार पत्रे साठविण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते.

अवधान : एक दुर्मीळ साधन

अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७८ मध्ये मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक मूलभूत विचार मांडला होता. माहिती ज्याचा वापर करते ती वस्तू म्हणजे माहिती घेणाऱ्याचे अवधान होय; म्हणून माहितीची विपुलता झाली की अवधानाची टंचाई निर्माण होते. इनबॉक्स भरून वाहतो तेव्हा तेथे संगणकातील जागा कमी पडलेली नसते. निर्णय घेण्यासाठी लागणारे अवधान कमी पडलेले असते.

या टंचाईला बाह्यतेची जोड मिळते. एखादी वस्तू निर्माण करणारा तिचा पूर्ण खर्च स्वतः सोसत नाही, तेव्हा ती गरजेपेक्षा अधिक निर्माण होते. ई-मेलची प्रत आणखी एका व्यक्तीस पाठविण्याचा सीमांत खर्च पाठविणाऱ्यासाठी शून्य असतो. वाचण्याचा खर्च मात्र प्रत्येक वाचकास द्यावा लागतो. समजा, एक परिपत्रक ४० जणांना पाठविले आणि प्रत्येकास ते वाचण्यास २ मिनिटे लागली, तर संस्थेची ८० मिनिटे खर्ची पडतात. त्यांतील पाचच जणांचा त्या विषयाशी संबंध असेल, तर ७० मिनिटे वाया गेली असे म्हणावे लागेल. यावरून हेही स्पष्ट होते की, केवळ प्राप्तकर्त्याच्या शिस्तीने हा प्रश्न सुटणार नाही; पाठविण्याच्या सवयींवरही मर्यादा असणे आवश्यक आहे.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना साठा व प्रवाह यांतील भेद परिचित असतो. इनबॉक्समधील प्रलंबित पत्रे हा साठा. दररोज येणारी आणि निकाली निघणारी पत्रे हे प्रवाह. या दोहोंचा संबंध जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमातून समजतो. स्थिर व्यवस्थेत प्रलंबित प्रकरणांची सरासरी संख्या ही आवक आणि प्रत्येक प्रकरण थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. दररोज ६० पत्रे येत असतील आणि प्रत्येक पत्र सरासरी ३ दिवस थांबत असेल, तर कोणत्याही वेळी सुमारे १८० पत्रे प्रलंबित असतील. थांबण्याचा काळ १० दिवस झाला, तर हीच संख्या ६०० होईल.

आवक निपटाऱ्यापेक्षा सातत्याने अधिक असेल, तर व्यवस्था स्थिरच राहत नाही. दररोज ६० पत्रे येऊन ५५ निकाली निघाली, तर कामाच्या २५० दिवसांत १,२५० पत्रे साचतात. अशा स्थितीत एखाद्या रविवारी बसून सर्व पत्रे निकाली काढल्याने तात्पुरता दिलासा मिळेल, पण मूळ कारण कायम राहील. उपाय दोनच आहेत : आवक कमी करणे किंवा निपटाऱ्याची गती वाढविणे.

येथे न्यायाचाही प्रश्न उपस्थित होतो. इनबॉक्समध्ये सामान्यतः सर्वांत नवे पत्र सर्वांत वर असते. वरून काम सुरू केले की शेवटी आलेल्यास प्रथम सेवा मिळते आणि आधी आलेला खाली ढकलला जातो. स्मरणपत्र पाठविणाऱ्याचे पत्र पुन्हा वर येते. शांतपणे वाट पाहणाऱ्याचे पत्र दिसेनासे होते. ज्याला वारंवार पाठपुरावा करणे जमत नाही, ज्याची कार्यालयात ओळख नाही, त्याच्या वाट्याला सर्वाधिक विलंब येतो. शिवाय प्रत्येक स्मरणपत्र आवक वाढविते, म्हणजे विलंबातूनच नवे काम जन्मास येते.

सहा गठ्ठा पद्धतीचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांना परिचित असलेली सहा गठ्ठा पद्धत मार्गदर्शक ठरू शकते. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची व अभिलेखांची पुनर्रचना केली. ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. कागदपत्रांची रचना नीट असल्यास निपटारा सुधारतो, हा विचार त्यामुळे प्रशासनात चर्चेत आला. सहा गठ्ठा पद्धतीत लिपिकाकडील सर्व कागद पुढील सहा गटांत विभागले जातात. ई-मेलसाठी त्यांचा अर्थ असा लावता येईल :

१. कार्यवाहीची प्रकरणे : ज्यांवर स्वतः काम करावयाचे आहे ती पत्रे. ही आवक दिनांकाच्या क्रमाने, जुने प्रथम या रीतीने हाताळावीत. तातडीची प्रकरणे मात्र वेगळी काढावीत.

२. प्रतीक्षाधीन प्रकरणे : आपण कार्यवाही केली असून दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असलेली पत्रे. प्रत्येकापुढे पुढील पाठपुराव्याची तारीख असावी.

३. नियतकालिके : ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणपत्रे व अहवाल. यांची जागा दिनदर्शिकेत असावी.

४. स्थायी आदेश : पुन्हा पुन्हा लागणारी परिपत्रके व नियम. यांचे विषयवार संकलन करावे.

५. अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे : काम संपलेली, पण जतन करावयाची पत्रे.

६. नष्ट करावयाची कागदपत्रे : जतनमूल्य नसलेली पत्रे.

या पद्धतीत कागदाचे वर्गीकरण विषयानुसार केले जात नाही. आता या कागदाचे काय करावयाचे, या एकाच प्रश्नावर ते आधारलेले आहे. याउलट अनेक जण ई-मेलसाठी विषयवार पन्नास-साठ कप्पे तयार करतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयबीएमच्या संशोधकांच्या अभ्यासात ३४५ वापरकर्त्यांच्या वर्तनाचे निरीक्षण करण्यात आले होते. गुंतागुंतीचे कप्पे करणाऱ्यांना जुने पत्र शोधण्यात अधिक यश मिळत नाही. शोधसुविधेने ते अधिक लवकर सापडते, असे त्यात आढळले. तात्पर्य, शोधण्याचे काम संगणकावर सोपवावे. ठरविण्याचे काम मनुष्याने करावे.

जतन व नाश : कायदेशीर बाजू

वैयक्तिक ई-मेल पुसणे हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा भाग आहे. शासकीय ई-मेलबाबत तसे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता दिली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे, कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावयाची असल्याने, पत्र आहे पण सापडत नाही ही सबब टिकणारी नाही.

केंद्र सरकार व त्याच्या अखत्यारीतील संस्थांना लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेखात मोडते आणि विहित पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे पाचवा आणि सहावा गठ्ठा यांतील भेद काळजीपूर्वक करणे आवश्यक ठरते. सर्व काही ठेवणे हा जसा उपाय नाही, तसे सर्व काही पुसणे हाही नाही.

संस्थात्मक उपाय

केंद्रीकृत सार्वजनिक तक्रार निवारण व देखरेख प्रणाली २००७ मध्ये सुरू झाली. तक्रारीस नोंदणी क्रमांक आणि कालमर्यादा मिळाल्याने ती एखाद्या अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत इनबॉक्सवर अवलंबून राहत नाही. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी निवारणाची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली. २०२१ पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये प्रलंबित प्रकरणांच्या निपटाऱ्यासाठी विशेष मोहीमही राबविण्यात आली आहे. मोहिमेने साठा घटतो; प्रवाहाचे संतुलन मात्र दैनंदिन कार्यपद्धतीनेच साधते.

कार्यालयांच्या पातळीवर काही साधे नियम उपयुक्त ठरतात. नागरिकांसाठीचा ई-मेल पत्ता व्यक्तीच्या नावाचा नसून पदाचा असावा, म्हणजे बदली झाल्यावर पत्रव्यवहार खंडित होत नाही. विषयाच्या ओळीत अपेक्षित कार्यवाही व मुदत लिहावी. एका पत्रात एकच विषय असावा. ज्याने कार्यवाही करावयाची त्यालाच मूळ पत्र जावे आणि प्रती मोजक्याच असाव्यात.

विद्यार्थ्यांसाठी

परीक्षार्थींच्या इनबॉक्समध्ये जाहिराती, शिकवणी वर्गांचे संदेश आणि आयोगाच्या सूचना एकत्र येतात. अर्ज, प्रवेशपत्र व शुल्क यांसाठी स्वतंत्र ई-मेल पत्ता ठेवणे, अनावश्यक संदेशांची सदस्यता रद्द करणे आणि अनाहूत पत्रांचा कप्पा अधूनमधून तपासणे हितावह आहे. २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १२४ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, दिवसातून तीनदाच ई-मेल पाहण्याचे बंधन पाळल्यास ताण कमी जाणवतो, असे दिसून आले. मात्र कोणत्याही परीक्षेची अंतिम सूचना अधिकृत संकेतस्थळावरच पडताळून पाहावी.

सारांश

ई-मेलचा साठा हा न घेतलेल्या निर्णयांचा साठा होय. साठवणूक स्वस्त झाली तरी अवधान स्वस्त झालेले नाही. आवक मर्यादित ठेवणे, प्रत्येक पत्राचे काय करावयाचे ते ठरविणे, जुन्यास प्रथम न्याय देणे आणि जतनाचे नियम पाळणे ही चतुःसूत्री व्यक्तीस आणि संस्थेसही लागू पडते. पत्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीने विचार केल्यास, त्याला उत्तर वेळेत मिळाले की नाही हीच या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.

सरावासाठी प्रश्न

१. ‘माहितीच्या विपुलतेतून अवधानाची टंचाई निर्माण होते.’ प्रशासनाच्या संदर्भात चर्चा करा.

२. एका कार्यालयात दररोज ४० अर्ज येतात व प्रत्येक अर्ज सरासरी ६ दिवस थांबतो. प्रलंबित अर्जांची सरासरी संख्या किती? ती १२० वर आणण्यासाठी, आवक तितकीच असताना, कोणता बदल करावा लागेल?

३. सहा गठ्ठा पद्धत स्पष्ट करून इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारातील तिची उपयुक्तता सांगा.

४. शासकीय ई-मेलच्या जतनासंबंधीच्या कायदेशीर तरतुदींवर टीप लिहा.