मावळचे जलाशय आणि पाणबुड्यांचा श्वास

पवना, वळवण, भुशी ही मावळातील धरणे पावसाळ्यात पर्यटकांनी गजबजतात. त्याचबरोबर दुर्घटनाही घडतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांच्या शोधासाठी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र पथकाबरोबर नौदलाचे पाणबुडेही पाण्यात उतरले होते. अशा शोधकार्यात पाणबुड्यांची सुरक्षितता त्यांच्या श्वासातील वायूवर बरीच अवलंबून असते.

नत्रवायूचा धोका

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू व ७८ टक्के नत्रवायू असतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो व नत्रवायू शरीरात विरघळत जातो. पाणबुड्या घाईने वर आल्यास त्या वायूचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात.

यावर उपाय म्हणून प्राणवायूचे प्रमाण वाढवलेले मिश्रण वापरतात. त्यास नायट्रॉक्स म्हणतात. हौशी पाणबुड्यांत ३२ व ३६ टक्के प्राणवायूची मिश्रणे विशेष प्रचलित आहेत. ३२ टक्के मिश्रण घेऊन १८ मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याच्या शरीरावर नत्रवायूचा भार साध्या हवेवर सुमारे १४ मीटर खोल गेल्याइतकाच पडतो. त्यामुळे तळाशी अधिक वेळ थांबता येते.

मर्यादा

नायट्रॉक्स अधिक खोल जाण्याचे साधन नव्हे. अतिदाबाखाली प्राणवायूच विषारी ठरून पाण्यात आकडी येऊ शकते. म्हणून समुद्रसपाटीवर ३२ टक्के मिश्रणासाठी सुमारे ३३ मीटर व ३६ टक्क्यांसाठी सुमारे २८ मीटर ही मर्यादा पाळतात. रुग्णालयातील शुद्ध प्राणवायूचे सिलिंडर तर बुडीसाठी कदापि वापरू नये. प्रत्येक सिलिंडरमधील प्रमाण पाणबुड्याने स्वतः उपकरणाने मोजून त्याची नोंद सिलिंडरवर करावयाची असते.

उंचीचा परिणाम

मावळातील हे जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. तेथे हवेचा दाब सुमारे ७ टक्के कमी असल्याने १८ मीटरची बुडी समुद्रातील सुमारे १९ मीटरच्या बुडीइतकी धरावी लागते. ३०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर बुडी घेताना वेगळे तक्ते वापरतात. नायट्रॉक्स वापरले तरी हे गणित टळत नाही. तारकर्लीस बुडी घेऊन त्याच दिवशी घाट चढणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे; उंचीवर दाब घटल्याने बुडबुड्यांचा धोका वाढतो.

स्थानिक जबाबदारी

दुर्घटना घडताच गावातील पट्टीच्या पोहणाऱ्यास सिलिंडर लावून पाण्यात उतरवणे म्हणजे दुसऱ्या दुर्घटनेस निमंत्रण देणे होय. ग्रामपंचायतींनी धोक्याच्या जागा, पाण्याची खोली व प्रशिक्षित पथकांचे संपर्क आधीच नोंदवून ठेवावेत. शिक्षकांनी दाबाचा पाठ शिकवताना आपल्याच धरणाचे उदाहरण घ्यावे. शोधासाठी उतरलेला प्रत्येक जण सुखरूप वर यावा, ही दक्षता काठावरूनच सुरू होते.